न आलेल्यांची मोजणी

द्वीपसंघाचे बिल चार पानांचे होते. पहिल्या पानावर अभिवादन, दुसऱ्यावर नियमांचे दाखले, तिसऱ्यावर तक्ता. चौथ्या पानावर एकच वाक्य होते: सेंट ओडिल सरकारने वर्गणीतील फरकापोटी एक्केचाळीस लाख डॉलर एक डिसेंबरपर्यंत भरावेत.

पंतप्रधान ऑल्बन मॉनरोज यांनी ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. आरोग्यमंत्री म्हणाल्या की एवढ्या पैशांत दक्षिणेचे रुग्णालय दोन वर्षे चालते. बांधकाममंत्र्यांनी विचारले की संघातून बाहेर पडायला किती खर्च येतो. त्यावर कुणी हसले नाही.

कारण तिसऱ्या पानावर होते. संघाची वर्गणी त्या त्या देशाच्या उत्पन्नावर ठरते. दोन वर्षांपूर्वी सेंट ओडिलने आपले उत्पन्न नव्या पद्धतीने मोजले आणि ते एकदम अकरा टक्क्यांनी वाढले. ना नवे हॉटेल उभे राहिले होते, ना केळीला भाव मिळाला होता. त्या वर्षी पहिल्यांदाच इर्जिक मोजली गेली होती. डोंगरातल्या गावांत कुणाचे छप्पर घालायचे असो, कोनफळाची लागवड असो की होडी वाळूवर ओढायची असो, गाव येते, काम करते, घरधनी सगळ्यांना जेवू घालतो, आणि पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच्या छपरावर असतो. बेटाच्या बोलीत याला कुदमे म्हणतात. यात पैशाची देवघेव नाही, म्हणून ते काम कधी कुठल्या तक्त्यात आले नव्हते. आता आले, तेही मागच्या वर्षांसकट. संघाच्या कारकुनांनी नव्या उत्पन्नावर चार वर्षांची वर्गणी काढली, भरलेली वजा केली आणि बाकीचे बिल पाठवले. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्याच दुपारी मॉनरोज पत्रकारांसमोर उभे राहिले. ते शांत माणूस म्हणून ओळखले जात. त्या दिवशी त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, हे बिल मी भरणार नाही. शेजाऱ्याला मदत केल्याचा दंड सेंट ओडिल देणार नाही. संध्याकाळच्या बातम्यांत ते वाक्य सात वेळा वाजले. बाजारातल्या मासेवाल्या बायकांनी मॉनरोजच्या बायकोकडून त्या दिवशी खेकड्यांचे पैसे घेतले नाहीत. फक्त विरोधी पक्षनेत्याने रेडिओवर टोमणा मारला: कार्निव्हलला स्वतःच राजाचा पोशाख शिवून घेतला, आता शिंपी दारात आला तर म्हणतोय, मी राजा नव्हतोच.

टोमणा वर्मी लागण्यासारखा होता. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत चौकाचौकांत फलक होते: 'आपले हात, आपली संपत्ती'. खाली लाल अक्षरांत अकरा टक्के. मॉनरोज यांचा पक्ष दोन जागांनी निवडून आला होता.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फक्त मॉनरोजना माहीत होती. आकडा खरोखरच चूक होता. कुठे चूक होता हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते सांगितले नव्हते.

तेव्हा मतदानाला सहा आठवडे राहिले होते. सांख्यिकी कार्यालयाच्या प्रमुख एर्मीन बिसेट निकाल घेऊन आल्या होत्या. बिसेटबाई आणि मॉनरोज एकेकाळी शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात एका वर्गात होते; मॉनरोजचे गणित बाईंनी घासून घेतले होते म्हणून ते पास झाले. इर्जिक मोजायची ही बाईंची तीस वर्षांची इच्छा. जे काम हे बेट उभे ठेवते ते आपण शून्य लिहितो, असे त्या दर अर्थसंकल्पाला म्हणत. अखेर परवानगी मिळाली तेव्हा त्या आणि त्यांची बारा माणसे दीड वर्ष पायी फिरली. बत्तीसशे घरे. प्रत्येक घराला दोन प्रश्न: तुमच्या इर्जिकीला किती जण आले? तुम्ही कुणाकडे किती दिवस गेलात? एकाचे उत्तर दुसऱ्याशी ताडून बघायचे. सगळे जुळले होते. एका इर्जिकीला सरासरी तेवीस माणसे.

मॉनरोजनी तेवीस वाचले आणि त्यांना आन्स ब्वा आठवले. ते गाव त्यांचे आजोळ. राजकारणात यायच्या आधी तिथल्या शाळेत ते सात वर्षे शिक्षक होते. एका वादळानंतर त्यांच्या मावशीचे, तांत फिलोचे छप्पर गावाने घातले. मॉनरोज स्वतः पत्रे वर देत होते. त्यांना धरून अकरा माणसे होती. चर्चच्या फादरनी विचारले, किती आले? तांत फिलो म्हणाली, पंचवीस. मागाहून मॉनरोजनी विचारले तेव्हा ती म्हणाली, जे आले नाहीत त्यांची नावे काय फादरच्या हाती देऊ? आले असे म्हटले की पुढच्या वेळी त्यांना यावेच लागते. आणि तसेच होते. न आलेल्यांना कुणी विचारले तर तेही म्हणत, हो, गेलो होतो फिलोकडे, मोठे काम होते. कुणाला ते खोटे वाटत नसे. गावाची ती रीतच होती. दोन्ही बाजूंचे आकडे जुळायचे, कारण दोन्ही बाजू एकमेकांची अब्रू सांभाळायच्या.

बिसेटबाई राजधानीत, कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत जन्मलेल्या. तिथे छप्पर घालायला कंत्राटदार येतो.

"छान काम," मॉनरोज तेव्हा म्हणाले होते. आणखी काही बोलले नव्हते.

*

पत्रकारांसमोरच्या त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी बिसेटबाई न बोलावता आल्या. काखेत फाइल, पायात नेहमीचे सपाट बूट. खोलीत मॉनरोजचे सचिव ऑर्मंड होते, म्हणून त्या 'पीएम' म्हणाल्या आणि 'तुम्ही' म्हणाल्या.

"बिल चूक आहे म्हणा. पाहिजे तितकं ओरडून म्हणा. शेजाऱ्याच्या छपरावर चढलं म्हणून वर्गणी वाढते का, असं विचारा त्यांना. मी तुमच्या मागे बसून माना डोलवीन. पण आकड्याला हात लावू नका."

ऑर्मंड यांनी वकिलांचे मत वाचून दाखवले. नियमात कुठल्याही उत्पन्नाला सूट नव्हती. बिल कमी होण्याची एकच वाट होती: मूळ आकडा चूक होता हे देशाने स्वतः सिद्ध करणे.

"मग ती वाट बंद आहे," बाई म्हणाल्या. "आकडा चूक नाही."

मॉनरोज खिडकीकडे बघत होते. बंदरात केळीची बोट लागली होती. बोलायची हीच वेळ आहे, हे त्यांना कळत होते. ऑर्मंडना बाहेर पाठवायला एक वाक्य लागले असते आणि उरलेले सांगायला चार. बघू या, असे ते म्हणाले. बाई फाइल टेबलावर ठेवून गेल्या.

रविवारी ते आन्स ब्वाला गेले. प्रार्थना संपल्यावर तांत फिलोच्या ओसरीवर बसले. ती एक्याऐंशी वर्षांची झाली होती आणि पंतप्रधानाला अजून लहानपणीच्या लाडक्या नावाने, 'तिबान' म्हणत होती. तिने पुढ्यात बुयोंचा वाडगा ठेवला. अळकुड्या, हिरवी केळी, पिठाचे गोळे आणि खारवलेले मांस एकत्र शिजवलेले. मॉनरोजनी अर्धा वाडगा संपवला आणि मग विषय काढला.

"तांत, ते मोजणीवाले आले होते ना तुझ्याकडे. त्या दुसऱ्या, नव्या छपराचं विचारत. किती सांगितलेस?"

"चाळीस."

"आले होते किती?"

"चौदा. त्यातले दोघं शिडी धरायच्याही लायकीचे नव्हते, सकाळपासून रमच्या नादात."

"चाळीस, तांत?"

"अरे, ती पोरगी वहीत लिहून घेत होती. वहीत जायचं म्हटल्यावर जरा बरा आकडा नको? वरच्या आळीचं एकही माणूस आलं नव्हतं. उद्या ते वाचतील आणि म्हणतील, फिलोने आमची बेअब्रू राजधानीपर्यंत नेली." तिने त्यांच्या वाडग्यात आणखी एक गोळा टाकला. "पण हे मी तुला काय सांगायचं? तू इथे सात वर्षं काढलीस. तू सांगितलंच असशील त्या मोठ्या बाईंना, की आमच्याकडे विचारून काही कळत नाही म्हणून."

मॉनरोजनी गोळा तोंडात घातला. तो गरम होता आणि त्यामुळे बराच वेळ बोलता येणार नव्हते.

*

सोमवारी त्यांनी बिसेटबाईंना बोलावले आणि सगळे सांगितले. फक्त ते रविवारी कळल्यासारखे सांगितले. बाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही. ऐकून झाल्यावर त्या वाद घालतील असे मॉनरोजना वाटले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जेवायला ताटं कुठून येतात?"

"चर्चच्या मंडळाकडून. पांढरी, निळ्या काठाची. प्रत्येक घरी एवढी ताटं कुठली असायला?"

"लिहून देतात?"

"देतात. एखादं हरवलं तर भरून द्यावं लागतं."

बाई उठल्या. तीन दिवसांत त्यांनी नऊ गावे केली. गुरुवारी दुपारी त्या परत आल्या तेव्हा बुटांना लाल माती होती आणि आवाज बसला होता. त्यांनी एक कागद पुढे केला. एका बाजूला लोकांनी सांगितलेली माणसे, दुसऱ्या बाजूला मंडळाच्या वहीतली ताटे. आन्स ब्वा: चाळीस आणि चौदा. बाकीच्या गावांचेही तेच. तेवीसच्या जागी दहा.

"दीड वर्ष मी माणसांना विचारत फिरले," बाई म्हणाल्या. "आणि उत्तर चर्चच्या कपाटात होतं. माझी चूक. ताडून बघायला मी दुसरा प्रश्नसुद्धा माणसांनाच विचारला. वस्तूला विचारायला हवं होतं."

मॉनरोज म्हणाले की ही चूक कुणाच्याही हातून झाली असती.

"कुणाच्याही नाही. आन्स ब्वाच्या माणसाच्या हातून झाली नसती." ऑर्मंड खोलीत नव्हते, म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "ऑल्बन, तू तिथे शिक्षक होतास."

"होतो."

"सात वर्षं."

"हो."

त्या थांबल्या. वर्गात गणित चुकले की त्या अशाच थांबत. चूक कुठे आहे ते सांगत नसत, समोरच्याला शोधू देत. मॉनरोजनी घसा साफ केला.

"तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं," ते म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावले. "बरं," त्या म्हणाल्या.

*

संघाची अर्थसमिती पुढच्या बुधवारी भरली. मुख्यालय शेजारच्या बेटावर आहे. विमानाने चाळीस मिनिटे. समितीत सात जण होते आणि अध्यक्षस्थानी डॉ. लेआंड्रा क्वीली, जन्मभर हिशेबतपासनीस राहिलेल्या, बारीक आवाजाच्या बाई. मॉनरोज पहिल्या रांगेत बसले. बिसेटबाई त्यांच्या मागे, मांडीवर फाइल घेऊन.

मॉनरोज चांगले बोलले. टेबल आपटले नाही. गावाची रीत त्यांनी इतकी नेमकी समजावून सांगितली की दोन सदस्य हसले आणि तिसरा म्हणाला, आमच्याकडेही हेच चालते, बरे झाले आम्ही मोजले नाही. मग ताटांचा कागद फिरला. क्वीलीबाईंनी तो दोनदा वाचला.

"आकडा चूक होता हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्न वेगळा आहे. सेंट ओडिलला हे कधी कळलं?"

नियम सोपा होता आणि खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता. चूक नकळत झाली असेल तर बिल दुरुस्त होते. माहीत असून आकडा पाठवला असेल तर बिल कायम राहते, वर दंड.

मॉनरोजसमोर पाण्याचा पेला होता. छताच्या पंख्याचे पाते त्यात उलटे फिरताना दिसत होते. मागे कपड्यांची सळसळ झाली नाही, फाइल उघडली नाही. बाई त्यांना वेळ देत होत्या. तो वेळ मॉनरोजनी पूर्ण घेतला, आणि पेल्याकडे बघत राहिले.

"मला गेल्या सोमवारी कळलं," शेवटी बिसेटबाई मागून म्हणाल्या. "पीएमनी सांगितलं तेव्हा. मोजणीवर सही माझी आहे."

क्वीलीबाईंनी ते लिहून घेतले. पंतप्रधानांना वेगळे काही सांगायचे आहे का, असे त्यांनी विचारले. मॉनरोज म्हणाले, नाही.

समितीने दोन तास विचार केला. तेवीस चूक, हे मान्य. पण ताटांच्या वह्यांवरून एखाद्या देशाचे उत्पन्न काढता येत नाही, म्हणून दहाही अमान्य. विश्वसनीय मोजणी होईपर्यंत इर्जिकीच्या रकान्यात शून्य लिहावे. बाकीच्या किरकोळ फरकांपुरते बिल एक लाख ऐंशी हजारांवर आले. आणि मुख्य सांख्यिकी अधिकारी ए. बिसेट यांनी स्थानिक रीतीची खातरजमा न करता आकडे प्रमाणित केले असल्याने, त्यांच्या सहीने आलेले याआधीचे सर्व आकडे फेरतपासणीपर्यंत अनिश्चित समजावेत. बाईंनी सव्वीस वर्षे सह्या केल्या होत्या.

परतीच्या विमानात त्या खिडकीपाशी बसल्या आणि पूर्ण चाळीस मिनिटे झोपल्या, किंवा डोळे मिटून बसल्या. विमानतळावर पोलिसांचा बँड होता, पक्षाचे लोक झेंडे घेऊन होते, एक्केचाळीस लाख वाचवणाऱ्या माणसाला बघायला शाळा सोडल्या होत्या. मॉनरोजनी हात वर केला. बिसेटबाई सामानाच्या बाजूच्या दाराने बाहेर पडल्या. शुक्रवारी त्यांचा राजीनामा आला. त्यात कारण लिहिलेले नव्हते.

*

समितीचे इतिवृत्त पुढच्या मंगळवारी आले. सोबत छापील पत्र: संबंधित देशाला काही दुरुस्ती सुचवायची असल्यास सात दिवसांत कळवावी, त्यानंतर नोंद अंतिम होईल. मॉनरोजनी ते खणात ठेवले. बुधवारी वाचले. शुक्रवारी एक उत्तर स्वतःच्या हाताने लिहिले: मोजणीच्या वेळीच ही बाब मला वैयक्तिक ठाऊक होती, मुख्य सांख्यिकी अधिकाऱ्यांना नव्हती. दोनच ओळी. त्यांखाली सही करायच्या आधी त्यांनी हिशेब केला: एक्केचाळीस लाख, दंड, दक्षिणेचे रुग्णालय, मग संसदेत अविश्वास ठराव आणि दोन जागांचे बहुमत. हिशेब बरोबर होता. रुग्णालय त्यात खरोखरच होते, हे विशेष. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी ते बिसेटबाईंकडे गेले. गाडी कॅथेड्रलपाशी सोडली आणि गल्लीत पायी गेले. बाई अंगणात स्टुलावर बसून लाल अंबाडीची बोंडे सोलत होत्या. नाताळचे सरबत करायचे होते. त्यांनी दुसरे स्टूल पायाने पुढे सरकवले. मॉनरोज बसले आणि तेही सोलू लागले.

थोडा वेळ हवापाण्याचे बोलणे झाले. मग मॉनरोज म्हणाले की स्वातंत्र्यदिनाच्या मानकऱ्यांत बाईंचे नाव घालायचा विचार आहे.

"कशाबद्दल?"

"सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल."

"ती तर अनिश्चित आहे," बाई म्हणाल्या. "फेरतपासणीपर्यंत."

मॉनरोजनी हातातले बोंड खाली ठेवले. बोटे लाल झाली होती.

"एर्मीन, मला तेव्हाच कळलं होतं. तेवीस वाचल्याबरोबर."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"त्या गुरुवारी कळलं. खोटं बोलायच्या आधी तू घसा साफ करतोस. कॉलेजातही करायचास." बाईंचे हात थांबले नव्हते.

"मग समितीत का नाही सांगितलंस?"

"मला कधी कळलं ते मी सांगितलं. तुला कधी कळलं हे मी कसं सांगणार? माझ्यापाशी पुरावा काय, तुझा घसा?" त्या जराशा हसल्या. मग हसू गेले. "हे माझ्यापाशी बोलून काय उपयोग, ऑल्बन? माझ्याकडे आता शिक्का नाही."

मॉनरोजनी खाली ठेवलेले बोंड पुन्हा उचलले. भिंतीपलीकडे कुणीतरी रेडिओवर फुटबॉलची मॅच लावली होती.

"नावाचं काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "वाटतं. पेठेत गेलं की लोक सांभाळून बोलतात, ते आवडत नाही. पण त्या शून्याचं जास्त वाटतं. तू त्या दिवशी बोलला असतास ना, तर मी पुन्हा गेले असते, ताटं मोजली असती, सगळी, रीतसर. दहा लिहिले असते. दहा तर दहा. दहा खरे होते. अकराच्या जागी चार-पाच टक्के वाढले असते आणि त्याचं बिल आपण कुरकुर करत भरलं असतं. आता पुढची पन्नास वर्षं कुणी इर्जिकीच्या वाटेला जाणार नाही. म्हणतील, बिसेटनं केलं होतं ते, काय झालं माहीत आहे ना."

"इतिवृत्त आलं आहे," मॉनरोज म्हणाले. "परवापर्यंत दुरुस्ती पाठवता येते."

"मला ठाऊक आहे. ते नियम मी पाठ केलेत."

त्यांनी तेवढेच म्हटले. पाठव असे म्हणाल्या नाहीत. मॉनरोज निघाले तेव्हा बाईंनी त्यांच्या बायकोसाठी सोललेली अंबाडी कागदात बांधून दिली आणि आले घालायला विसरू नका म्हणून सांगितले.

मंगळवारी सकाळी रुग्णालयाच्या नव्या विभागाची पाहणी होती. तिथून बंदर, मग दोन राजदूत. संघाचे कार्यालय पाचला बंद होते. चार वाजून दहा मिनिटांनी ऑर्मंड आत आले. त्यांच्या हातात दोन कागद होते. पहिला संघाचा छापील नमुना: 'आमची कोणतीही दुरुस्ती नाही'. खाली सहीची जागा.

मॉनरोजचा हात खिशाकडे गेला. तो कोट शुक्रवारचा नव्हता. शुक्रवारचा कोट घरी होता, गाडीने सात मिनिटांवर. शिवाय दोनच ओळी होत्या. त्या इथेही पुन्हा लिहिता आल्या असत्या. ऑर्मंड उभे होते. मॉनरोजनी सही केली.

दुसरा कागद शनिवारच्या वर्तमानपत्रासाठी होता: मुख्य सांख्यिकी अधिकारी पाहिजेत. शिक्षण, अनुभव, वय. मॉनरोजनी तो शेवटपर्यंत वाचला. मग पेन उचलून तळाला आपल्या शिक्षकी अक्षरात एक ओळ घातली: 'उमेदवारास गावाकडील रीतिरिवाजांची प्रत्यक्ष माहिती असणे आवश्यक.'

ऑर्मंडनी ती वाचली आणि मान हलवली.

"योग्य अट आहे, सर. अशी माहिती असलेलं कुणी तेव्हा असतं, तर हे सगळं टळलं असतं."

"हो," मॉनरोज म्हणाले.

ऑर्मंड दोन्ही कागद घेऊन गेले. पाचला अजून बेचाळीस मिनिटे होती.